शेजारच्या खाटेचा हेवा

माझा नवरा ज्या जंतूने गेला, तोच जंतू शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही झाला होता. तो माणूस जगला. एवढंच आहे, पण मला ते कुणाला नीट सांगता येत नाही. सांगायला लागले की मधेच आवाज बदलतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं मला रडू येतंय. खरं तर त्या वेळी मला त्या माणसाच्या बायकोचा हेवा वाटत असतो.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. नवरा तुर्भ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर होता, मी वाशीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. दोघंही मूळचे साताऱ्याकडचे. मुलगी तेव्हा अकरावीत होती. घरात मी नवऱ्याला अरे-तुरेच करायचे. सासूबाई होत्या तोवर त्यांना ते खटकायचं, पण त्याला नाही खटकलं कधी.

दुखणं साधंच होतं, मुतखड्याचं. जवळच्याच एका छोट्या हॉस्पिटलात दुर्बिणीने खडा काढला आणि आत एक बारीक नळी ठेवली. ती तीन आठवड्यांनी काढायची होती. दहाव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. त्याने नेहमी करायचा तेच केलं. खाली मेडिकलमध्ये गेला आणि गोळ्या घेऊन आला. घसा धरला, दाढ सुजली, पोट बिघडलं, काहीही झालं तरी त्याचा हाच रस्ता. शिफ्ट बुडवून डॉक्टरकडे रांगेत बसणं त्याला जमायचं नाही. मेडिकलवाला त्याला ओळखायचा. "साहेब, मागचीच देऊ का थोडी हेवी देऊ?" असं विचारायचा, आणि हा म्हणायचा, "हेवीच दे, उद्या कामावर जायचंय." दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या बंद. उरलेल्या अर्ध्या स्ट्रिपा मी फ्रिजवरच्या डब्यात टाकायचे. मलाही कणकण वाटली तर मी त्यातलीच एक घ्यायचे. मुलीलाही दिल्यात.

या वेळी ताप उतरला आणि चार दिवसांनी परत आला, तो दात वाजवत. रिक्षात बसतानाच त्याचे ओठ काळसर दिसत होते. नेरूळच्या बाजूला एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथे त्याला ॲडमिट केलं.

खोली दोन खाटांची होती. मधे हिरवा पडदा, दोघांना मिळून एक बाथरूम. खिडकीकडच्या खाटेवर सारसोळ्याचा एक कोळी माणूस होता. खाडीत होडीतून उतरताना कालवाच्या धारदार शिंपल्यावर त्याचा पाय पडला होता. कापलं जरासंच होतं, पण अंगात शुगर, त्यामुळे जखम भरेना. दोन दिवस आधी आलेला. त्याची बायको पन्नाशीची असेल. अंगाने भरलेली, आवाज मोठा, आणि खोलीत अशी वावरायची की जणू तिचंच घर. मी ॲडमिशनचे कागद हातात धरून भिंतीला टेकून उभी होते, तर तिने स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बाय, तू जेवलीस का?"

मी नाही म्हटलं. तिने डबा उघडून तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्या हातावर ठेवली. मी तिला ताई म्हणायला लागले. ती मला शेवटपर्यंत बायच म्हणत राहिली.

हेवा तिथपासूनच सुरू झाला होता, तेव्हा मला तो कळला नाही एवढंच. त्यांच्याकडे माणसं यायची. एका वेळी एकालाच वर सोडायचे, तर खाली सगळे पास बदलत थांबायचे. कुणी नारळपाणी आणायचं, कुणी नुसतं येऊन पायाशी बसायचं. गावातला एक म्हातारा रोज येऊन त्या माणसाला, "काय रं, झोपून काय ऱ्हायलास" एवढं म्हणून जायचा. आमच्याकडे मी होते, एक दिवसाआड येणारी नणंद होती, आणि सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं होती.

तिसऱ्या दिवशी ताई एक कागद घेऊन माझ्याकडे आली. जखमेतल्या पाण्याचा रिपोर्ट होता. "जावई संध्याकाळी येतो. तवर तू वाच गं, मना इंग्लिश येत नाय." सिस्टरने मला आधी सांगितलेलं होतं की औषधाच्या नावापुढे S असेल तर ते औषध त्या जंतूवर चालतं, R असेल तर चालत नाही. मी कागदावरून बोट फिरवलं. जवळजवळ सगळीकडे S होते.

"छान आहे, ताई. सगळी औषधं चालतायत."

तिने कागद कपाळाला लावला. मला बरं वाटलं, पण पुरतं नाही. आमचा रिपोर्ट यायचा होता.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं आणि कागद माझ्या हातात न देता स्वतःच धरून दाखवला. वरपासून खालपर्यंत R. अगदी शेवटच्या एका औषधापुढे फक्त वेगळं अक्षर होतं.

"एवढं एकच उरलंय," त्या म्हणाल्या. "तेही चालेलच असं नाही. आणि त्याने किडनीवर ताण येतो. त्यांची किडनी आधीच थकलीये."

"मग बाकीची इतकी औषधं?"

"या जंतूला ती सगळी पचतात. मॅडम, यांनी गेल्या वर्षभरात अँटिबायोटिक किती वेळा घेतलं असेल?"

मला डब्याचं सांगावं लागलं. त्यांनी रागावून बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "एकट्या यांच्यामुळेच असं नसतं. हा जंतू हॉस्पिटलांतूनही येतो, नळीवरूनही येतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

नवऱ्याला वेगळी खोली द्यायला हवी असं त्या सिस्टरला सांगत होत्या. सिस्टर म्हणाली एकही रिकामी नाही, झाली की हलवू. दारावर हात धुण्याची सूचना चिकटवली गेली. पडदा नीट ओढला गेला. बाथरूम तेच राहिलं.

दोन दिवसांनी त्याचं बीपी पडलं आणि त्याला आयसीयूत नेलं. आतली नळी काढून टाकली होती, पण तोवर जंतू रक्तात पोचला होता. मी आयसीयूच्या बाहेरच्या लाल खुर्च्यांवर बसायला लागले. त्यानंतर तीन दिवसांनी लिफ्टचं दार उघडलं आणि ताई बाहेर आली, मागे तिच्या माणसाची खाट. त्यालाही ताप चढला होता, जखम काळी पडत गुडघ्याकडे सरकत होती.

नवीन रिपोर्ट तिच्या हातात होता. ती शेजारी बसली आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. मी वाचला. नाव तेच होतं, इंग्रजीतलं लांबलचक, जे मी आता न अडखळता वाचू शकत होते. खाली ओळीने R.

आता जे लिहिते ते मी आजवर मुलीलाही सांगितलेलं नाही. तो कागद वाचताना मला आतून हलकं वाटलं. आनंद म्हणवत नाही, पण त्याच्याच जवळचं काहीतरी होतं. चार-पाच दिवस मी तिच्या S कडे बघत होते, तिच्या माणसांकडे, तिच्या डब्यांकडे. आता आम्ही दोघी सारख्या झालो, असं माझ्या मनात आलं.

"काय लिवलाय?" तिने विचारलं.

"आमच्यासारखंच आहे," मी म्हटलं.

तिने माझा हात धरला. तिला वाटलं मी दुःखाने म्हणतेय.

सारखेपणा एक दिवसही टिकला नाही. सर्जन आले आणि तिला म्हणाले, पाय गुडघ्याखाली काढला तर जंतूचं घरच जाईल, माणूस वाचू शकतो. ती मोठ्याने रडायला लागली. खाडीत उतरणारा माणूस, पाय गेल्यावर जगून करणार काय, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जावई कागद घेऊन उभा होता. ती माझ्याकडे वळली. "बाय, तू शिकलेली हायस. तू सांग. सही करू?"

"करा," मी म्हटलं. "लगेच करा."

ती सही करत असताना मी उठले आणि काचेचं दार ढकलून डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"यांचंही काही कापता येईल का?"

त्यांना आधी कळेचना. मग त्यांनी मास्क खाली केला. "यांचं रक्तात आहे हो. कापायचं कुठून?"

बाहेर येऊन बसले तर ताई अजून रडत होती, आणि मी मनात म्हणत होते, हिला रडायला काय झालंय. हिच्या माणसाकडे कापून टाकायला पाय आहे.

त्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला. माझा नवरा ॲडमिट झाल्यापासून अकराव्या दिवशी गेला, सकाळी, भेटायच्या वेळेत. मी त्याच्या पायाला तेल लावत होते, सिस्टरने नको म्हटलं होतं तरी. मशीनवरचे आकडे बघून तिने मला बाहेर पाठवलं आणि मी परत आत गेले तेव्हा पडदे ओढलेले होते. बाहेर ताईने मला पोटाशी धरलं. तिच्या अंगातून घरी जाऊन आंघोळ करून आल्याचा साबणाचा वास येत होता. तिच्या माणसाला त्याच सकाळी पेज दिली होती. मी तिचे हात सोडवले.

तेराव्यानंतर ती कोपरखैरण्याला आली. वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं, सारसोळ्याच्या बाई आल्यात, सोडू का. मी म्हटलं, सांग मॅडम घरी नाहीत. मुलगी बाल्कनीत होती. ती म्हणाली, "आई, त्या गेल्या नाहीत. गेटपाशी कट्ट्यावर बसल्यात." तासभर बसली असेल. मग स्टीलचा डबा वॉचमनकडे देऊन गेली. आत घावणे होते आणि नारळाची चटणी. फोनवर तिने मुलीला सांगितलं होतं, तुमच्यात आता मासळी चालते का नाय म्हाईत नव्हता, म्हणून हे केलं. मुलीने खाल्ले. मी तोंड लावलं नाही.

"तू दार का नाही उघडलंस त्यांना?"

"मला बोलवत नाही कुणाशी."

"काल तर आत्याशी दीड तास बोललीस."

आत्याशी, म्हणजे माझ्या नणंदेशी, मी काय बोलत होते तेही सांगते. मी सांगत होते की आमच्या शेजारच्या पेशंटमुळे झालं. सडलेला पाय घेऊन आलेला माणूस, त्याला बघायला येणारी ही गर्दी, खाडीचा चिखल, आणि आमचा माणूस त्याच बाथरूममध्ये. नणंदेने ते गावाला सांगितलं. मी ऑफिसात सांगितलं, सोसायटीतल्या दोघीतिघींना सांगितलं. प्रत्येक वेळी सांगताना मला ते आणखी पटत गेलं. हेवा करण्यासारखी माणसं दोषीही असली की आपल्याला सोपं जातं.

ऑफिसात बायका डबा खाताना नवऱ्यांबद्दल बोलायच्या. हा घोरतो, तो टॉवेल कॉटवर टाकतो. मी ऐकून घ्यायचे. त्यांचाही हेवा वाटायचा, पण तो वरवरचा. बसमध्ये, फाइल लावताना, कुकरची शिट्टी मोजताना मला एकच घर दिसायचं, जे मी बघितलेलंही नव्हतं. तो माणूस बसलाय, ती त्याला वाढतेय, तो मीठ कमी म्हणतोय. पाय नाही त्याला, हे मला त्या चित्रात कधी दिसलंच नाही.

आठ-नऊ महिन्यांनी नवऱ्याच्या कंपनीने हॉस्पिटलच्या सगळ्या केसपेपरांची प्रत मागितली. मी अर्ज केला, जाडजूड गठ्ठा मिळाला. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर तो लावत बसले. पहिल्याच दिवसाच्या कागदांत एक होता जो मी पूर्वी बघितला नव्हता. आधी दुसऱ्या हॉस्पिटलात राहून आलेला पेशंट म्हणून, दाखल होतानाच त्याची एक तपासणी केली होती. अंगावर असा जंतू आहे का ते बघायला. निकाल तिसऱ्या दिवसाचा होता. जंतू होता. तोच.

म्हणजे आम्ही तो घेऊन आलो होतो. आणि त्याच तिसऱ्या दिवशी शेजारच्या माणसाचा रिपोर्ट मी स्वतः वाचला होता, S ने भरलेला. माझ्याच बोटाखालून गेला होता. पुढे त्याच्या जखमेत जे शिरलं, ते आमच्या खाटेवरून पडद्यापलीकडे गेलं होतं.

जंतू कुठून कुठे गेला ते शंभर टक्के सांगता येत नाही, असं मला डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या. पण मला पुरे होतं. मी कागद गोळा केले आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. मी ज्या गोष्टीवर उभी होते ती गेली होती, आणि हेवा मात्र जसाच्या तसा शिल्लक होता. उलट आता त्याला लाजही चिकटली.

पुढच्या रविवारी मी सारसोळ्याला गेले. बसमधून उतरून गावात विचारत गेले. पाय कापलेले ते, म्हटल्यावर एका बाईने थेट दारापर्यंत आणून सोडलं. तो दारातच खुर्चीत बसला होता, लुंगी गुडघ्याखाली एका बाजूला रिकामी, हातात कप.

"चा इतका गोड कशाला केलास? शुगर वाढवून मारतेस काय मना?"

आतून तिचा आवाज आला. "मरायचा असता तं तेवाच मेला असतास."

मग ती बाहेर आली आणि मला बघून दारातच थांबली. आपलं बोलणं मला लागलं ते तिला दिसलं. मला त्या भांडणाचाही हेवा वाटत होता हे तिला दिसलं की नाही, कोण जाणे. तिने मला आत नेलं, पंखा लावला.

मी पाणी पिण्याआधीच बोलून टाकलं. "ताई, तो जंतू आमच्याकडून तुमच्याकडे आला. मी कागद बघितले."

"म्हाईत हाय मना."

"कधीपासून?"

"पाय कापला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. जावयानी सिस्टरकडनं काढून घेतला. तो तं भांडायला निघाला होता, गावातली चार पोरा घेऊन. मी म्हटला, तिचा मानूस आत झुंजतो हाय, तू भांडनार कोनाशी?"

"म्हणजे तुम्ही माझ्या घरी आलात तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं."

"ते काय. मी तुला भेटायला आलेली."

मी तिला सांगितलं की मी इतके दिवस सगळ्यांना उलटं सांगत होते. तिचं नाव नाही, पण तिच्या माणसाबद्दल, त्यांच्या पायाबद्दल, गावाबद्दल. तिने खाली बघितलं. बाहेर तो मोबाइलवर काहीतरी लावून ऐकत होता.

"सांगितलास तं सांगितलास," ती शेवटी म्हणाली. "आता खरा सांग त्यांना."

"सांगेन. पण ताई, मला तुमचा हेवा वाटतो. अजून वाटतो. म्हणूनच मी दार उघडलं नव्हतं."

"वाटनारच. मनापन वाटला होता तुजा."

"माझा?"

"तं काय. तू त्या डॉक्टरनीशी इंग्लिशमधी बोलायचीस. कागद वाचायचीस. मना वाटायचा, हिचा मानूस वाचनार, माजा जानार. तुज्याकडं बगून मना झोप येत नव्हती."

त्या लाल खुर्च्यांवर आम्ही दोघी शेजारी बसलेल्या असायचो, एका डब्यातलं खायचो, आणि दोघी एकमेकींकडे बघून हेच करत होतो. पण तिने तसं वाटत असतानाही जावयाला थांबवलं होतं. माझ्या हातून ते झालं नसतं. मला त्याचाही हेवा वाटला, आणि हा जास्त टोचला, कारण हा मनाचा मोठेपणा तिला नवऱ्याचा पाय कापून मिळाला नव्हता.

घरी येऊन मी नणंदेला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं वहिनी. आता काय फरक पडतो?" मी म्हटलं, पडतो, गावाला सांग. तिने सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. ऑफिसात मी स्वतः सांगितलं. एकीने विचारलं, "म्हणजे तुमच्यामुळे त्यांचा पाय गेला?" मी हो म्हटलं. फ्रिजवरचा डबा रिकामा केला.

त्यानंतर ताईचा फोन आला की मी उचलते. ती नवऱ्याच्या तक्रारी सांगते. ऐकत नाही, चोरून गोड खातो, घरात बसून तिरसट झालाय. मी ऐकते. काही दिवस सहज ऐकता येतं, काही दिवस दोन मिनिटांत काम आहे म्हणून ठेवावा लागतो. ती वाईट वाटून घेत नाही.

गेल्या महिन्यात त्याला नकली पाय बसवायचा होता. ती म्हणाली, बाय, तूपन ये. मला का बोलावलं ते मी विचारलं नाही. एका लांबट खोलीत दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे होते, त्यांच्या मधून चालायचं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले. पाय बसवणाऱ्याने पट्टे आवळले, त्याला उभं केलं. तो दांड्याला धरून दोन पावलं आला. ताई तोंडावर पदर धरून उभी होती. मला ते बघवेना, तरी मी बघत राहिले.

तिसऱ्या पावलाला तो डगमगला. ताईने एका बाजूने त्याला धरलं आणि मागे न बघता म्हणाली, "बाय, त्या अंगाला धर."

मी उठून त्याचा दुसरा दंड धरला. जड होता, घामाने ओलसर, आणि ऊबदार. चौदा महिन्यांत मी कुठल्या पुरुषाचा हात असा धरला नव्हता. तो कुरकुरत होता, सोडा गं दोघी, पडत नाय मी. आम्ही दोघींनी सोडलं नाही, आणि तसेच तिघं भिंतीपर्यंत गेलो.